व्हिस्की नीट घ्यावी की सोड्यातून? प्रश्नच चुकलाय

दरवर्षी आषाढ संपत आला की माझ्या ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. गटारी जवळ आलेली असते, मित्रांच्या ग्रुपवर मटणाचे आणि बैठकीचे बेत शिजत असतात. बीपी-शुगरच्या गोळ्या लिहून घेता घेता पेशंट आवाज खाली आणतो आणि विचारतो, "डॉक्टर, एक विचारू का? घ्यायचीच असेल तर नीट घेतलेली बरी की सोड्यातून?" बायको सोबत असेल तर ती बाहेर केमिस्टकडे जाईपर्यंत हा प्रश्न थांबतो.

पूर्वी मी या प्रश्नाचं उत्तर द्यायचो. आता देत नाही. का देत नाही, ते सांगायला हा लेख. तो वाचून काही जण रागावतील आणि त्यात माझे काही डॉक्टर मित्रही असतील, कारण "पाणी जास्त घाला, काही होत नाही" हे वाक्य पेशंटला सगळ्यात जास्त वेळा आम्हीच सांगितलेलं आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एमडी होऊन स्वतःची प्रॅक्टिस सुरू करून थोडीच वर्षं झाली होती. अडतीस-एकोणचाळीस वर्षांचे एक हार्डवेअरचे दुकानदार छातीतली जळजळ घेऊन आले. रोज रात्री दुकान बंद केलं की दोन पेग, तेही नीट, रिकाम्या पोटी. मी त्यांना अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "अहो, नीट कशाला घेता? भरपूर पाणी घालून घ्या आणि आधी काहीतरी खाऊन घ्या." त्यांनी ते तंतोतंत पाळलं. जळजळ थांबली. त्यांनी माझं नाव चार जणांना सांगितलं. मीही खूश.

नऊ वर्षांनी ते पुन्हा आले तेव्हा डोळे पिवळे, पाय सुजलेले आणि पोटात पाणी. लिव्हर सिऱ्हॉसिस. वॉर्डाबाहेर त्यांची पत्नी मला म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही सांगितलं तसंच घेत होते हो. त्यानंतर एकदाही नीट घेतली नाही त्यांनी." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, की डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळूनही हे कसं झालं. मी खोदून विचारलं तेव्हा समजलं, की नीट घ्यायचे तेव्हा घसा आणि छाती जळायची म्हणून दोनवर थांबायचे. पाण्यातून घ्यायला लागल्यावर जळजळ गेली आणि दोनाचे चार, चाराचे पाच झाले. पुढच्या दोन वर्षांत रक्ताच्या उलट्या होऊन ते गेले.

त्यांच्या यकृताला मी मारलं असं मी म्हणत नाही. पण शरीराने स्वतःहून लावलेला एक ब्रेक मी काढून दिला आणि वर डॉक्टरचा शिक्का मारला. चुकीच्या प्रश्नाला मी मन लावून उत्तर दिलं होतं.

हिशेब ग्रॅमचा आहे

भारतात मिळणाऱ्या बहुतेक व्हिस्कीच्या लेबलवर ४२.८ टक्के असं लिहिलेलं असतं. म्हणजे १०० मिलीत ४२.८ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल. इथेनॉल पाण्यापेक्षा हलकं असतं, १ मिलीचं वजन साधारण ०.७९ ग्रॅम. गुणाकार केलात तर ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल निघतं, ६० च्या लार्जमध्ये २० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम.

आता या ६० ग्रॅमवर लिटरभर सोडा ओता, नारळपाणी ओता, लिंबू पिळा किंवा काहीच करू नका. ६० चे ५९ होत नाहीत. चहात पाणी वाढवलं म्हणून आधी घातलेली साखर कमी होत नाही, तसंच हे. फक्त चव पातळ होते.

यकृत हे अल्कोहोल एका ठरावीक वेगाने मोडतं, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. हा वेग लिंबूपाण्याने वाढत नाही, काळ्या कॉफीने वाढत नाही, थंड पाण्याच्या आंघोळीनेही नाही. म्हणजे एक क्वार्टर निपटायला सहा ते साडेआठ तास लागतात. रात्री अकराला बैठकीला बसलेला माणूस सकाळी साडेसहाला मुलाला शाळेत सोडायला स्कूटर काढतो तेव्हा त्याच्या रक्तातून दारू पूर्ण गेलेली असेलच असं नाही.

मोडताना इथेनॉलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. हा पेशींच्या डीएनएला इजा करणारा पदार्थ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच पहिल्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्या गटात. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांमध्ये स्तन, ही ठिकाणं. त्या यादीत स्कॉच वेगळी, देशी वेगळी, सोड्यातली वेगळी असं काही लिहिलेलं नाही, कारण रेणू एकच आहे. "आम्ही इंग्लिश घेतो" असं छाती काढून सांगणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. (स्ट्राँग बिअरवाल्यांनीही. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे चार स्मॉल पेग. "व्हिस्की सोडली, आता फक्त बिअर" हे ऐकून मी आता नुसती मान हलवतो.)

मग सोड्याने काहीच फरक पडत नाही?

पडतो. पण लोक समजतात त्याच्या बरोबर उलट.

जठरातून अल्कोहोल हळू शोषलं जातं, लहान आतड्यातून झपाट्याने. म्हणून ते जठरातून आतड्यात किती लवकर उतरतं यावर नशा किती चटकन चढणार हे ठरतं. जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते. ४० टक्क्यांच्या वरची कडक दारू एकदम आत आली की जठराचं अस्तर चिडतं, झडप आखडते आणि माल तिथेच थोडा अडतो. तीच दारू पाण्याने पातळ झाली की झडप तिला सहज वाट देते. त्यात सोड्याचा गॅस असेल तर बऱ्याच जणांमध्ये काम आणखी लवकर होतं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी २००७ साली हे तपासून पाहिलं होतं. व्होडका नीट, साध्या पाण्यातून आणि सोड्यातून अशी २१ जणांना दिली. जवळपास सगळ्यांमध्ये पातळ केलेली दारू नीटपेक्षा लवकर रक्तात गेली आणि २१ पैकी १४ जणांमध्ये गॅसच्या पाण्याने हा वेग आणखी वाढला. अभ्यास छोटा आहे, पण शरीरशास्त्राशी जुळणारा आहे.

तेव्हा "मी सोड्यातून सौम्य घेतो" असं म्हणणारा माणूस बऱ्याचदा नीटवाल्याच्या आधी टुन्न झालेला असतो. सौम्य लागते ती जिभेला.

हे वाचून नीटवाल्यांनी खूश होऊ नये. त्यांच्या वाट्याला दुसरं काहीतरी येतं. कडक दारू तोंड, घसा, अन्ननलिका आणि जठराच्या अस्तराला थेट भाजते. त्यात तंबाखूची साथ असेल तर गोष्ट फारच बिघडते, कारण अल्कोहोलमुळे तोंडाचं अस्तर तंबाखूतल्या विषांना जास्त आत येऊ देतं. दोन्ही करणाऱ्याचा तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त वाढतो. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ साली आली, पण तंबाखू-चुना हातावर मळून मग पेग उचलणारे हात अजून प्रत्येक बैठकीत दिसतात. जिभेखाली किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर आधी तो चट्टा कोणाला तरी दाखवा.

कोलावाले वेगळेच. ३०० मिली कोलात ३० ग्रॅमच्या वर साखर असते. तीन ग्लास झाले की पाव वाटी साखरेच्या पुढे गेलात आणि दारूच्या कॅलरी वेगळ्या. क्वार्टरच्या सव्वाचारशे कॅलरी, म्हणजे चार पोळ्यांच्या आसपास, त्यावर तळलेला चखणा. मग साखर नको म्हणून डाएट कोला घेणारे आहेत. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला ८ निरोगी पुरुषांवर एक सुरेख प्रयोग झाला. तेवढीच व्होडका एकदा साखरेच्या पेयातून आणि एकदा कृत्रिम गोडीच्या पेयातून दिली. साखरेचं पेय जठरातून अर्धं रिकामं व्हायला ३६ मिनिटं लागली, डाएट पेयाला २१. रक्तातली दारू साखरेच्या पेयानंतर १०० मिलीमागे ३४ मिलिग्रॅमपर्यंत चढली आणि डाएटनंतर ५३ पर्यंत. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे. ६० किलोचा माणूस रिकाम्या पोटी एकच लार्ज घेऊनही ती ओलांडू शकतो. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूत त्यांचा आकडा आणखी वर जातो.

एनर्जी ड्रिंकमध्ये व्हिस्की घालणाऱ्या पोरांबद्दल थोडक्यात. कॅफीनने नशा उतरत नाही, फक्त झोप उडते. माणूस तेवढाच झिंगलेला असतो, पण त्याला वाटतं आपण शुद्धीत आहोत. तो आणखी एक भरतो आणि नंतर किल्ली मागतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली कॅफीन घातलेलं मद्य विकणाऱ्या कंपन्यांना नोटिसा दिल्या त्या याच कारणाने. आपल्याकडे कंपनीने मिसळायची गरजच नाही, आपणच टेबलावर मिसळतो.

खोकल्याच्या औषधाचं झाकण

मिक्सरचा खरा गुन्हा मात्र वेगळा आहे. तो माप बुडवतो.

गेली काही वर्षं मी एक गोष्ट करतो. "दोनच पेग" असं सांगणाऱ्या पेशंटपुढे एक रिकामा ग्लास आणि पाण्याचा जग ठेवतो. म्हणतो, "घरी जसा भरता तसा एक पेग भरून दाखवा." आधी ते हसतात. मग हात सवयीने चालतो. ते पाणी मी खोकल्याच्या सिरपबरोबर येणाऱ्या मापाच्या झाकणाने मोजतो. आजवर क्वचितच कोणी ६० च्या आत थांबलंय. ८० तर नेहमीचंच. एका निवृत्त शिक्षकांनी ११० भरलं आणि स्वतःच दचकले. "दोनच पेग" म्हणजे त्यांच्या बाबतीत २२० मिली, क्वार्टरहून जास्त, रोज. म्हणजे ७४ ग्रॅम. गणिताचेच शिक्षक होते, पुढचा गुणाकार मला करावा लागला नाही.

नीट घेणारा निदान ग्लासात किती आहे ते बघतो तरी. सोडा वर आला की ग्लास नेहमी काठोकाठच दिसतो, मग खाली ३० असो की ९०. अर्धा संपला की मित्र वरून आणखी थोडी ओततो, आणखी थोडा सोडा. ग्लास रिकामा होतच नाही, त्यामुळे मोजायचं काय? घरी यजमानाचा हात सैल असतो, आणि पाहुण्याला आखडता हात दाखवणं आपल्याकडे अपमानाचं. "अरे, अर्ध्याच्या अर्धा" असं म्हणत जे ओतलं जातं ते मी पाहिलेलं आहे. अर्ध्याच्या अर्धा ही मराठी माणसाने शोधलेली एकमेव अपूर्णांकाची पद्धत असावी, जिचं उत्तर एकापेक्षा जास्त येतं.

जाणकारांशी दोन शब्द

व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे पाप, असं मानणारा एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे. व्हिस्की तीन हजारांची असो की तीनशेची, हे लोक नाकाशी ग्लास धरून बोलतात. त्यांना माझं एवढंच सांगणं, की तुम्ही जिला नीट म्हणता तिच्यात पाणी आधीच घातलेलं असतं. पिंपातून निघणारी व्हिस्की बहुतेक वेळा ५०-६० टक्क्यांच्या घरात असते. बाटलीत भरण्याआधी कारखान्यातच पाणी घालून ती ४० किंवा ४२.८ वर आणतात. स्कॉटलंडच्या कायद्यात किमान ४० टक्के हवी एवढंच आहे. तेव्हा वाद पाणी घालावं की नाही हा नाहीच. कारखान्याने घातलेलं पाणी चालतं आणि तुम्ही घातलेलं चालत नाही, असा आहे.

थोड्या पाण्याने वास खुलतो, हे मात्र खरं आहे. २०१७ साली स्वीडनच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं, की पाणी घातल्यावर व्हिस्कीला धुरकट वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे येतो. आनंद आहे. ज्याला वासात रस आहे त्याने थेंबभर घालावं. पण आपल्याकडच्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच व्हिस्कीत उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं आणि युरोपच्या कायद्यात ते व्हिस्की या नावाला पात्रच ठरत नाही. आपल्याच साखर कारखान्याच्या मळीचा स्कॉटलंडच्या शिष्टाचाराने वास घेत बसण्यात मला गंमत वाटते, एवढंच. माझा मुद्दा चवीचा नाही. चवीचा नियम आरोग्याचा नियम म्हणून सांगू नका. "नीट घेणारा नीट राहतो" ही कोटी मी इतक्या वेळा ऐकली आहे, की ती करणाऱ्या एकाची सोनोग्राफी मागवली. ग्रेड दोनचं फॅटी लिव्हर.

"नीट घेतली तर शुगर शून्य ना?"

यावर मी जरा थांबणार आहे, कारण या गैरसमजाने जीव जाऊ शकतो.

नीट व्हिस्कीत साखर नसते, हे खरं. म्हणून डायबेटिसवाल्यांनी कोला सोडून नीट घ्यावी, असे व्हिडिओ फिरत असतात. माझ्या एका पेशंटने ते ऐकलं. वय ५६, ग्लिमेपिराइडची गोळी चालू. गोळी घेतली, नीट व्हिस्की चार पेग घेतली आणि "आज कार्ब्स नको" म्हणून जेवणाला सुट्टी दिली. पहाटे साडेचारला बायकोला जाग आली ती त्यांच्या बरळण्याने. अंग घामाने चिंब. घरच्यांना वाटलं जास्त झाली, झोपू द्या. सुदैवाने मुलीने मशीन लावून पाहिलं. शुगर ३८.

यकृत रात्रभर रक्तात साखर सोडत असतं, त्यावर आपला मेंदू चालतो. अल्कोहोल निपटताना यकृताचं हे नवी साखर बनवण्याचं काम मंदावतं. त्यात पोट रिकामं आणि अंगात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी, म्हणजे साखर खाली खाली जात राहते आणि तीही झोपेत. शुगर उतरलेला माणूस हुबेहूब दारू चढलेल्या माणसासारखा दिसतो. अडखळतं बोलणं, झोक जाणं, चिडचिड, मग गुंगी. तोंडाला दारूचा वास आला की शेजारी, रिक्षावाला, कधी कधी दवाखान्यातला कर्मचारीसुद्धा "उतरेल सकाळपर्यंत" म्हणतो. डायबेटिस असलेला माणूस प्यायल्यावर विचित्र वागला तर आधी शुगर तपासा. मशीन नसेल आणि माणूस गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

हृदयासाठी थोडी चांगली असते, हे अजून कोणी म्हणतं का? म्हणतात. नव्वदच्या दशकातली रेड वाइनची गोष्ट व्हिस्कीच्या ग्लासात येऊन पडली आहे. जुन्या अभ्यासांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजलेले असायचे, म्हणून थोडी पिणारे निरोगी दिसायचे. चीनमध्ये ५ लाखांहून जास्त लोकांवर झालेला, जनुकांचा आधार घेणारा अभ्यास २०१९ साली आला. त्यात थोड्या दारूने पक्षाघात टळतो असं काही दिसलं नाही. दारू वाढली तसा रक्तदाब आणि पक्षाघात दोन्ही वाढले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितलं, की सुरक्षित म्हणता येईल असं दारूचं प्रमाण नाही.

लिव्हर टॉनिकची बाटली खिशात ठेवून बसणाऱ्यांना एवढंच सांगतो, की दारू चालू असताना यकृत वाचवेल असं कोणतंही सिरप मला तरी माहीत नाही. बसण्याआधी घेतलेली अ‍ॅसिडिटीची गोळी जळजळ दाबते, म्हणजे मी त्या दुकानदारांचा जो ब्रेक काढला तोच काढते. आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरलं म्हणून पॅरासिटामॉलच्या गोळ्या भारंभार घेऊ नका, रोज पिणाऱ्याच्या यकृताला त्या जड जातात.

"पण पेशंट पिणारच आहे ना?"

हा माझ्या डॉक्टर मित्रांचा आक्षेप आणि तो खरंच विचार करण्यासारखा आहे. पेशंट सोडणार नाही हे दिसत असताना उपदेश करून काय उपयोग? मग निदान कमी वाईट मार्ग सांगावा.

मान्य. पण कमी वाईट मार्ग सोड्यातून जात नाही. नुकसान कमी करायचं तर जे सांगायला हवं ते सगळं मापाचं आणि वेळेचं आहे. झाकणाने मोजून ओता. मोजून ओतलेल्यात वर पुन्हा भरू नका. जेवून मग घ्या, निदान जेवताना घ्या. भरल्या पोटी शोषण खरंच मंदावतं. आठवड्यातले काही दिवस पूर्ण कोरडे ठेवा. गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्या. पाणी प्यायचं तर दारूत घालण्याऐवजी दोन ग्लासांच्या मध्ये प्या, त्याने निदान वेळ जातो. आणि डायबेटिस, फॅटी लिव्हर, वाढलेलं बीपी, फिटचा आजार, गरोदरपण, झोपेच्या गोळ्या यांतलं काहीही असेल तर माझं उत्तर शून्य आहे. मी ते तोंडावर सांगतो आणि फाइलवर लिहितो.

"पाण्यातून घ्या" म्हणायला आम्हाला पाच सेकंद लागतात. "किती घेता, भरून दाखवा" म्हणायला पाच मिनिटं लागतात, आणि बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. आम्ही सोपं उत्तर देतो ते पेशंटला आवडतं म्हणून आणि आमचा वेळ वाचतो म्हणून. पेशंटला त्यात सल्ला ऐकू येत नाही, परवानगी ऐकू येते.

श्रावणाबद्दल

"मी श्रावण कडक पाळतो, डॉक्टर. महिनाभर थेंब नाही. म्हणजे मला व्यसन नाही." हेही दरवर्षी ऐकतो. महिनाभर थांबल्याने यकृतातली चरबी कमी होऊ शकते, बीपी उतरतं, झोप सुधारते. चांगलंच आहे ते. पण गणपती झाल्यावर तोच ११० मिलीचा पेग परत आला, तर एका महिन्याने अकरा महिन्यांची भरपाई होत नाही.

आणि काहींच्या बाबतीत श्रावणाचा पहिला आठवडाच धोक्याचा असतो. रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त घेणारा माणूस गटारीला शेवटची म्हणून भरपूर घेतो आणि दुसऱ्या दिवशीपासून एकदम बंद करतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो, धडधड होते, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, माणूस कुठे आहे हे विसरतो, अंगावरून किडे चालतात म्हणून झटकत राहतो. घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी झालंय आणि अंगारा लावतात. ही दारू अचानक तुटल्याची गंभीर अवस्था आहे. उपचार केले नाहीत तर माणूस दगावतो आणि उपचार केले तर बहुतेक वेळा वाचतो. श्रावणात असे पेशंट मी जवळजवळ दरवर्षी दाखल करतो.

म्हणून ज्यांना सकाळी उठल्यावर हाताला कंप असतो, तो पहिल्या घोटानंतर थांबतो, किंवा आधी कधी दारू सोडताना फिट आलेली आहे, त्यांनी घरच्या घरी एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे सुरक्षितपणे करता येतं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे काम करत आहे, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठीतून चालणाऱ्या सभा अनेक गावांत होतात आणि व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. आणि तो गटारीनंतर नको, आदल्या आठवड्यात करा.